इरावती कर्वे : चुलीभोवतीच्या समाजाचा शोध

एकत्र कुटुंबपद्धती मोडली, असे विधान मराठी सभा-संमेलनांतून गेली शंभर वर्षे केले जात आहे. कोणाला त्याचे दुःख होते, तर कोणाला तो सुटकेचा निःश्वास वाटतो. परंतु मुळात एकत्र कुटुंब म्हणजे काय, ते एका छपरामुळे ठरते की एका चुलीमुळे, सातबाऱ्यामुळे ठरते की देवघरामुळे, या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्यासाठी भारतभर पायपीट करणारी पहिली मोठी अभ्यासक पुण्याची होती, आणि ती स्त्री होती. डॉ. इरावती कर्वे यांचे नाव सामान्य मराठी वाचकाला 'युगान्त'च्या लेखिका म्हणून ठाऊक असते. विद्यापीठांतून मात्र त्या भारतीय आप्तसंबंधांचा पहिला सर्वंकष नकाशा काढणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या जातात. या दोन इरावतीबाई वेगळ्या नव्हत्या. महाभारत आणि घराघरांतील नातीगोती हे दोन्ही विषय त्यांनी एकाच कुतूहलाने हाताळले.

दोन घरांची मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर हे तेथे अभियंता म्हणून नोकरीला होते. ब्रह्मदेशाची जीवनवाहिनी असलेल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्यास पाठवण्यात आले आणि हुजूरपागेच्या वसतिगृहात तिची सोय झाली. आईवडील समुद्रापलीकडे आणि मुलगी वसतिगृहात, अशी ती व्यवस्था होती.

हुजूरपागेत शकुंतला परांजपे ही तिची मैत्रीण होती. केंब्रिजला 'सीनिअर रँग्लर'चा बहुमान मिळवलेले फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांची ही कन्या. शकुंतलाबाईंच्या आईंनी इरावतीला आपल्या घरी आणले आणि ती त्या घरात दुसरी मुलगी म्हणून वाढली. रँग्लर परांजपे यांना ती अप्पा म्हणत असे. हे घर पुस्तकांचे, वादविवादांचे आणि निरीश्वरवादाचे होते. रक्ताचे नाते नसलेल्या या कुटुंबाने तिला जे दिले, ते तिच्या पुढील आयुष्यात पदोपदी दिसते. नाते जन्माने मिळते तसेच सहवासानेही घडते, हा अनुभव नातेसंबंधांच्या या भावी अभ्यासिकेला बालपणीच आला होता.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंधासाठी एम. ए. ची पदवी मिळवली. स्वतःच्याच जातीकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याचा तो पहिला प्रयत्न होता.

कर्व्यांच्या घरात

याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ज्या घरात इरावतीबाई सून म्हणून आल्या, ते महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणेचे एक केंद्रच होते. १८९३ मध्ये अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. हिंगण्याचा विधवाश्रम आणि १९१६ मधील महिला विद्यापीठ ही त्यांची उभारणी. थोरले दीर रघुनाथराव संततिनियमनाच्या प्रचारापायी प्राध्यापकी गमावून बसलेले. अशा घरातील सुनेला शिक्षणाची वाट मोकळी असेल, असे कोणालाही वाटावे.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. इरावतीबाईंनी पुढील अभ्यासासाठी जर्मनीस जावे असे दिनकररावांचे मत पडले. त्यांनी स्वतः तेथे डॉक्टरेट मिळवलेली होती. परंतु हा बेत अण्णांना मान्य नव्हता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांनी स्वतःच्या सुनेच्या परदेशगमनाला विरोध करावा, यातील विसंगती उघड आहे. सार्वजनिक जीवनातील सुधारणा आणि घराच्या उंबरठ्याआतील रीत यांत किती अंतर राहू शकते, याचे हे उदाहरण होय. अखेर पतीचा आग्रह आणि जीवराज मेहता यांनी उसने दिलेले पैसे यांच्या बळावर १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधील कवट्या

बर्लिनला मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था १९२७ मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे इरावतीबाईंचे मार्गदर्शक. वंशावंशांत श्रेष्ठ-कनिष्ठ भेद असतो, असे मानणाऱ्या परंपरेतील ते विद्वान होते. पुढे नाझी राजवटीत त्यांचा मोठा बोलबाला झाला.

इरावतीबाईंना विषय देण्यात आला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. कवटीच्या डाव्या आणि उजव्या बाजूंत फरक असतो. हा फरक युरोपीय लोकांत अधिक असून त्याचा संबंध त्यांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठतेशी लावता येईल, अशी त्यामागे अपेक्षा होती. संस्थेतील कवट्यांपैकी काही जर्मनीत मिळालेल्या होत्या, तर काही आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या. इरावतीबाईंनी त्यांची काटेकोर मोजमापे घेतली. निष्कर्ष असा निघाला की असमानता सर्वत्र आढळते, पण तिचा वंशाशी संबंध जोडता येत नाही. पंचविशीच्या आतबाहेरील, परक्या देशातील, पारतंत्र्यातील एका विद्यार्थिनीने हे आपल्या मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि पुढील वर्षी प्रबंध प्रसिद्ध झाला.

या प्रसंगाचे महत्त्व त्या वेळी भारतात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. अलीकडे, २०२४ मध्ये, त्यांची नात उर्मिला देशपांडे आणि मानववंशशास्त्रज्ञ तियागो पिंतो बार्बोसा यांनी लिहिलेले 'इरू' हे इंग्रजी चरित्र प्रकाशित झाले, त्यानंतर या प्रबंधाची चर्चा नव्याने सुरू झाली. मात्र मोजपट्टी इरावतीबाईंनी खाली ठेवली नाही, हेही खरे. भारतात परतल्यावर जातीजमातींची शारीरिक मोजमापे त्या आयुष्यभर घेत राहिल्या.

डेक्कन कॉलेज आणि रस्त्यावरचे संशोधन

परतल्यानंतर १९३१ ते १९३६ या काळात त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. पण फायलींत त्यांचे मन रमणारे नव्हते. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि इरावतीबाई तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. अखेरपर्यंत ती त्यांची कर्मभूमी राहिली. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया आणि भाषाशास्त्रज्ञ डॉ. सु. मं. कत्रे हे त्यांचे सहकारी. सांकलियांसमवेत त्यांनी गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात भाग घेतला. तेथे मध्याश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. १९४७ मध्ये दिल्लीच्या विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र विभागाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले.

त्यांच्या संशोधनाची पद्धत त्या काळच्या मानाने अनोखी होती. एका बाजूला त्या ऋग्वेद, अथर्ववेद आणि महाभारत यांतील नातेवाचक शब्द गोळा करीत होत्या. दुसऱ्या बाजूला मलबारपासून ओरिसापर्यंत गावोगाव हिंडून लोक एकमेकांना काय म्हणतात, हे टिपून घेत होत्या. पोथी आणि ओसरी या दोन्ही ठिकाणी त्यांना एकच गोष्ट हवी होती. थोरल्या दिराला काय म्हणतात, धाकट्याला काय, मामाला काय आणि सासऱ्याला काय. कोणाशी लग्न होऊ शकते आणि कोणाशी होऊ शकत नाही. कोणापुढे डोक्यावरून पदर घ्यावा लागतो आणि कोणाची थट्टा करता येते. वरवर पाहता या बायकांच्या गप्पा. इरावतीबाईंनी त्यांतूनच समाजाची घडण उलगडली.

नात्यांचा नकाशा

या परिश्रमांचे फळ म्हणजे १९५३ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेला 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा ग्रंथ. त्याचा पहिला खर्डा लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेतील वास्तव्यात तयार झाला होता. भारतातील कोणतीही सांस्कृतिक घटना समजून घ्यावयाची, तर भाषिक प्रदेश, जातिसंस्था आणि कुटुंबरचना या तीन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत, असे इरावतीबाईंचे प्रतिपादन होते. त्यानुसार त्यांनी देशाचे चार विभाग पाडले : इंडो-आर्य भाषांचा उत्तर विभाग, द्राविडी भाषांचा दक्षिण विभाग, या दोहोंच्या मधला मध्य विभाग आणि मुंडारी व इतर ऑस्ट्रो-आशियाई भाषा बोलणाऱ्या जमातींचा विखुरलेला पूर्व विभाग.

उत्तरेत मुलीचे लग्न परगावी, परक्या घरात होते. गावातील सगळी मुले भाऊ मानली जातात. अनेक जातींत वडिलांचे, आईचे आणि दोन्ही आज्यांचे अशी चार गोत्रे वर्ज्य असतात. ज्या घरात मुलगी दिली, त्या घरातून सहसा मुलगी आणत नाहीत. त्यामुळे नवी सून सासरी येते ती एकाही ओळखीच्या चेहऱ्याविना. सासरा आणि जेठ यांच्यापुढे तिला घुंगट घ्यावा लागतो आणि वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलणेही अनुचित ठरते. मोकळेपणा काय तो धाकट्या दिराशी. माहेर तुटल्याचे दुःख सांगणारी उत्तरेतील स्त्रीगीते या व्यवस्थेतूनच जन्मली आहेत, हे इरावतीबाईंनी दाखवून दिले.

दक्षिणेत चित्र उलटे आहे. तेथे मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न योग्य समजले जाते. अनेक जातींत मामाने थोरल्या बहिणीच्या मुलीशी विवाह करणेही रूढ आहे. मुलगी सासरी जाते म्हणजे बहुधा आजोळी किंवा आत्याकडेच जाते. सासू ही आत्या असते आणि सासरा हा मामा. तमिळमध्ये मामा आणि सासरा यांना एकच शब्द असणे हा योगायोग नव्हे, तर विवाहरीतीचाच तो भाषेत उमटलेला ठसा आहे. उत्तरेत लग्नाने नात्यांचे जाळे दूरवर पसरते, तर दक्षिणेत जुन्या नात्यांचीच गाठ पुन्हा पुन्हा घट्ट केली जाते. सासुरवाशिणीचे जिणे या दोन व्यवस्थांत इतके वेगळे आहे की भारतीय स्त्री असा एकच साचा कल्पून लिहिणाऱ्यांना या ग्रंथाने सावध केले.

केरळातील नायरांचे तरवाड हे तर वेगळेच विश्व. तेथे वंश आईकडून चालत असे. घरात आई, तिची मुले, मुलींची मुले आणि आईचे भाऊ राहत. कारभार कारणवर म्हणजे वडील मामाकडे असे. पती हा त्या घरचा सभासद नसे. पूर्व विभागातील खासी जमातीतही वंश मातृकुळाने चालतो. पितृसत्ताक एकत्र कुटुंब हीच काय ती भारतीय परंपरा, या समजाला तरवाडाच्या केवळ अस्तित्वाने धक्का बसतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत रोचक आहे तो मध्य विभाग. महाराष्ट्र भाषेने उत्तरेचा, पण नात्यांच्या रीतीत निम्मा दक्षिणेचा. मराठ्यांत आणि इतर अनेक जातींत मामाची मुलगी करून घेतात. मात्र आत्याची मुलगी करणे बहुतेक ठिकाणी टाळले जाते. दीर, जाऊ, नणंद हे शब्द उत्तरेशी नाते सांगतात, तर अण्णा आणि अक्का हे दक्षिणेशी. मराठी सून सासऱ्यांना मामंजी म्हणत आली, ती सासऱ्यांशी मामाचे नाते नसले तरीही. ज्या चालीरीती घरात सहज म्हणून पाळल्या जातात, त्यांच्यामागे दोन संस्कृतींच्या मिश्रणाचा इतिहास दडलेला आहे, याची जाणीव मराठी माणसाला करून देण्याचे श्रेय इरावतीबाईंना जाते.

एकत्र कुटुंब म्हणजे काय?

एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी, सामाईक मालमत्ता असणारी, कुलाचार एकत्र पाळणारी आणि परस्परांशी विशिष्ट आप्तसंबंधाने बांधलेली माणसे म्हणजे एकत्र कुटुंब, अशी व्याख्या इरावतीबाईंनी केली. समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही पाच लक्षणे आजही शिकावी लागतात.

पण त्यांचे विवेचन व्याख्येपाशी थांबत नाही. प्रत्येक एकत्र कुटुंबाला एक मूळ घर असते आणि माणूस पोटापाण्यासाठी कितीही वर्षे दूर राहिला, तरी ते घर तो आपले म्हणतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कोकणातून गिरणगावात आलेला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला ज्या ओढीने गावी जातो, ती ओढ या मुद्द्याची साक्ष आहे. मुंबईत त्याची चूल वेगळी असते, पण कुटुंब वेगळे झालेले नसते. त्याचप्रमाणे एकत्र कुटुंब फुटते तेव्हा त्याचे तुकडे नवरा-बायको-मुले असे सुटे होतातच असे नाही. अनेकदा एका मोठ्या एकत्र कुटुंबाची दोन-तीन लहान एकत्र कुटुंबे होतात. भाऊ वेगळे निघतात आणि प्रत्येक जण आपल्या मुला-नातवंडांसह नवे एकत्र घर मांडतो. वाटणी म्हणजे व्यवस्थेचा अंत नव्हे; तो तिच्या चक्राचाच एक टप्पा असतो.

जात हीदेखील त्यांच्या मते या वर्तुळाचाच विस्तार होती. विवाह जातीत होत असल्याने माणसाचे सर्व प्रत्यक्ष आणि संभाव्य नातलग जातीतच असतात. म्हणून जात हा एक विस्तारित आप्तगट ठरतो. येथे त्यांचा आपल्या गुरूंशी मतभेद झाला. मूळच्या एका समाजाचे विभाजन होत जाऊन पोटजाती निर्माण झाल्या, असा घुर्ये यांचा कल होता. कोकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे असे गट मुळात वेगवेगळे असून ते कालांतराने एका नावाखाली एकत्र आले, असे इरावतीबाईंना आपल्या मोजमापांवरून वाटत होते. १९६१ च्या 'हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन' या पुस्तकात त्यांनी ही भूमिका सविस्तर मांडली.

टीका आणि वाद

या ग्रंथाचे जसे कौतुक झाले, तशी कठोर चिकित्साही झाली. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लुई द्युमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये त्याची परखड समीक्षा केली. दक्षिणेतील नातेव्यवस्था पिढ्यांपेक्षा वयाच्या लहान-मोठेपणावर उभी आहे, हा इरावतीबाईंचा सिद्धान्त द्युमाँ यांना पटला नाही. दोन कुळांतील सोयरिकीचे नाते पिढ्यानपिढ्या चालू राहणे हे दक्षिणेचे मर्म आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील काळात अभ्यासकांनी बव्हंशी द्युमाँ यांची वाट धरली.

दुसरा आक्षेप देशातूनच आला. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा गावातील कुटुंबांची पाहणी केली, तर ए. एम. शाह यांनी १९७३ मध्ये घर आणि कुटुंब या दोन संकल्पनांची फारकत करण्याचा आग्रह धरला. ग्रंथांतून दिसणारे कुटुंब आणि शिरगणतीत मोजले जाणारे घर यांची सरमिसळ झाल्याने एकत्र कुटुंब पूर्वी सर्वत्र होते आणि आता मोडले, असा भ्रम निर्माण झाला, असे शाह यांचे प्रतिपादन होते. जनगणनेत एका स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्यांचे एक घर धरले जाते. परंतु चूल मोजून नाते मोजले जात नाही. इरावतीबाईंच्या व्याख्येत छप्पर, चूल, मालमत्ता आणि देवघर ही सारी एकत्र बांधलेली होती. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सुटतात, ही त्या व्याख्येची मर्यादा होय. मात्र त्याच ग्रंथातील मूळ घराचा मुद्दा या मर्यादेवरचे उत्तरही सुचवून जातो. संस्कृत ग्रंथांवर अधिक भिस्त आणि आर्थिक व्यवहारांकडे कमी लक्ष, हा आक्षेपही निराधार नाही. तरीही आधी नकाशा असल्यावाचून त्यातील चुका दाखवता येत नाहीत, आणि तो नकाशा इरावतीबाईंनी काढला होता.

महाभारत : एका कुटुंबाची कथा

१९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'युगान्त'ने इरावतीबाईंना घराघरांत पोहोचवले. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्यांनी महाभारतातील व्यक्तींकडे पाहिले, ते देव किंवा आदर्श म्हणून नव्हे, तर एका मोठ्या कुटुंबातील माणसे म्हणून.

भीष्माच्या प्रतिज्ञेचा गौरव करण्याची आपली परंपरा आहे. इरावतीबाईंनी त्या प्रतिज्ञेचे मोल कोणी चुकवले, हे विचारले. अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री या स्त्रिया वंश चालवण्यासाठी त्या घराण्यात आणल्या गेल्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला दुःख आले. युधिष्ठिराचा पिता विदुर असावा, हा त्यांचा तर्क नियोगाच्या रूढीवर उभा होता. दीर या नात्याला प्राचीन कुटुंबात कोणते स्थान होते, याचा अभ्यास केलेल्या लेखिकेलाच तो सुचू शकत होता. या तर्कावर वादंग माजले, परंतु मराठी वाचकाची महाभारताकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही.

स्वतःचे घर

पुण्यात इरावतीबाईंच्या राहणीची चर्चा होत असे. उंच, धिप्पाड बांधा, कपाळी कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही. स्कूटर चालवणाऱ्या पुण्यातील पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक होत. पतीला त्या दिनू अशी नावाने हाक मारीत. त्या काळी सुशिक्षित घरांतही नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज घेतले जात नसे. नात्यातील एका संबोधनाने घरातील अधिकारांची उतरंड कशी ठरते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

त्यांच्या दौऱ्यांच्या आणि लेखनाच्या मागे दिनकररावांची साथ होती. घरखर्चाचा हिशेब आणि व्यवहार ते पाहत. त्यांनी स्वतः पाच मराठी ब्राह्मण कुटुंबांच्या आत्मकथनांचे 'द न्यू ब्राह्मन्स' हे इंग्रजी संकलन १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. थोरली कन्या जाई निंबकर इंग्रजी लेखिका, धाकटी गौरी देशपांडे मराठी कथाविश्वातील महत्त्वाचे नाव आणि पुत्र आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

'परिपूर्ती' या गाजलेल्या ललितलेखात इरावतीबाईंनी आपल्याच ओळखीचा विषय केला. एका समारंभात त्यांचा परिचय अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी असा करून देण्यात आला; तरी त्यात काही राहून गेल्याची चुटपुट लागली. रस्त्याने जाताना शाळकरी पोरांनी वर्गमित्राची आई म्हणून त्यांना ओळखले, तेव्हा ती पूर्ण झाली. या लेखाने त्या काळी वाचकांना हसवले. आजच्या वाचकाला तो अस्वस्थही करू शकेल. जर्मन डॉक्टरेट असलेल्या विदुषीची ओळख नात्यांच्या साखळीतूनच का व्हावी? लेखिकेने त्यावर तक्रार केली नाही आणि उपदेशही केला नाही. माणूस, विशेषतः स्त्री, नात्यांमधून कशी घडवली जाते हे तिने स्वतःच्या उदाहरणावरून दाखवले.

वारी आणि विस्थापित

पंढरीच्या वारीत त्या दिंडीसोबत पायी चालल्या. विठ्ठलाच्या नावाने एकत्र गाणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीनुसार वेगवेगळ्या पंक्तींत बसतात, हे पाहून त्यांना वेदना झाल्या. एका चुलीवर कोण जेवते, हा त्यांच्या कुटुंबाच्या व्याख्येतील प्रश्न येथे सबंध समाजाचा प्रश्न बनून उभा राहिला. या अनुभवावरील लेखाचा दिनकररावांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये अमेरिकेतील संशोधनपत्रिकेत आला आणि पाश्चात्त्य अभ्यासकांसाठी वारीच्या अभ्यासाची वाट खुली झाली.

अखेरच्या वर्षांत त्यांचे लक्ष बदलत्या समाजाकडे वळले होते. फलटणसारखे वाढते गाव, आठवडे बाजार, खेड्यातील गटांचे परस्परसंबंध हे विषय त्यांनी सहकाऱ्यांसह हाताळले. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची जाई निंबकर यांच्यासमवेत केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणग्रस्तांच्या प्रश्नावरील भारतातील आरंभीच्या अभ्यासांत तिची गणना होते. गाव उठते तेव्हा केवळ शेत आणि घर जात नाही. सोयरीक, भावकी आणि कुलदैवत यांचे जाळेही उसवते. मूळ घराचे महत्त्व सांगणाऱ्या अभ्यासिकेने मूळ घर बुडालेल्यांची दखल घ्यावी, हे स्वाभाविक होते.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात वयाच्या चौसष्टाव्या वर्षी इरावतीबाईंचे निधन झाले. 'गंगाजल' हा त्यांचा लेखसंग्रह त्यानंतर प्रकाशित झाला.

त्यांच्या निधनानंतर पन्नासहून अधिक वर्षे लोटली. दरम्यान मुंबई-पुण्यातील सदनिकांतून आजी-आजोबा दिसेनासे झाले, मुले परदेशी स्थिरावली, आंतरजातीय विवाह वाढले आणि २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यांचे काही सिद्धान्त मागे पडले, काही मोजमापांची पद्धत आज स्वीकारार्ह राहिलेली नाही. परंतु वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भाऊ-बहिणी न्यायालयात उभ्या राहतात, वृद्ध आईला कोणी सांभाळायचे यावरून वाद होतात, जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीला माहेर बंद होते, तेव्हा प्रश्न तोच असतो : आपले कोण आणि आपल्यावर हक्क कोणाचा? या प्रश्नाची उत्तरे प्रदेशागणिक, जातीगणिक आणि भाषेगणिक वेगळी असतात, आणि त्यांतील एकही उत्तर निसर्गाने ठरवून दिलेले नसते, हे इरावती कर्वे यांनी पुराव्यानिशी दाखवले. माणसांनी घातलेली ही वीण आहे. ती माणसांना बदलता येते.